आधी नकाशा, मग ठेका
इंदूरात तुमचा प्लॉट काळ्या मातीवर असेल, तर केवळ ठेकेदाराच्या चौरस फुटाच्या दरावर भुलून काम सुरू करू नका. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पायावरच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरके तडे जातात. पाया स्ट्रक्चरल इंजिनिअरने माती तपासून ठरवावा. त्याची गाठ बहुधा वास्तुविशारद घालून देतो. वास्तुविशारदाची १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखालील नोंदणी अवश्य पाहावी. फी जड वाटत असल्यास रोजची देखरेख वगळून नकाशे आणि पाया व स्लॅबच्या वेळच्या भेटी एवढेच ठरवावे. ठेकेदाराकडून मात्र सळईचा व्यास, सिमेंटची प्रत आणि दरात पाण्याची टाकी धरली आहे का, हे लेखी घ्यावे. आमची टाकी, स्लॅब टाकून झाल्यावर, ‘वेगळी’ निघाली होती.