पोर्शे विकून कॉर्व्हेट घ्यावी का?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. माझ्याकडे २०१७ची मॅन्युअल गिअरची पोर्शे ९११ कॅरेरा आहे. देखभालीचा खर्च जड जात असल्याने शेव्हरोले कॉर्व्हेट घ्यावी, असे वाटते. सहा वर्षांची मुलगी अधूनमधून मागे बसते. आपले मत काय?

उत्तर : मुलीचा उल्लेख आपण ओघात केला असला, तरी निर्णय तिथेच अडतो, कारण कॉर्व्हेटला मागची सीटच नाही. २०२० च्या मॉडेलपासून तिचे ६.२ लिटरचे व्ही-८ इंजिन चालकाच्या पाठीमागे, मधोमध आले. त्यामुळे पुढे आणि मागे अशा दोन डिक्या मिळाल्या, पण तिसऱ्या माणसाला जागा आधीही नव्हती आणि आताही नाही. दुसरे असे की, या पिढीत मॅन्युअल गिअर मिळतच नाही. आठ गिअरचा ड्युअल-क्लच (क्लचच्या पेडलशिवाय आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स) हाच एक पर्याय आहे, आणि क्लच दाबून स्वतः गिअर टाकण्याची सवय लागलेल्याला ही उणीव पहिल्याच वळणावर जाणवते.

खर्चाचे म्हणाल, तर सुटे भाग आणि मजुरी तुलनेने स्वस्त पडतील हे खरे. मात्र मागचे ३०५ मिलिमीटर रुंदीचे टायर बदलताना खिसा हलका होणारच. माझ्या मते, आधी पोर्शेचे काम जाणणारे एखादे स्वतंत्र गॅरेज गाठून वर्षभराच्या देखभालीचा लेखी अंदाज घ्यावा. तो परवडत असेल, तर गाडी विकू नये.