रेशनच्या तांदळातले ‘प्लास्टिक’

प्रश्न : ताई, रेशनच्या तांदळात पिवळट, गुळगुळीत दाणे निघतात. धुताना वर तरंगतात. शेजारणी म्हणतात, प्लास्टिक आहे. मी सुपात घेऊन वेचते आणि कोंबड्यांना टाकते. सून पाच महिन्यांची गरोदर आहे, हिमोग्लोबिन ९. तिला हा भात द्यावा का?
— एक वाचक, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : काकू, सूप आधी भिंतीला टांगा. सुनेच्या पोटात जायचं ते कोंबड्या खाताहेत!

ते दाणे तांदळाच्या पिठाचेच. त्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून, शेवया पाडाव्यात तसे यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात. साध्या तांदळात ते शंभराला एक या प्रमाणात मिसळतात, किलोला १० ग्रॅम. म्हणून तर वेचायला इतके सोपे. आपल्याकडे गडचिरोलीत हे आधी करून पाहिलं, मग रेशनवर सगळीकडे आलं. पोती आली, पण आत काय आहे ते बायकांना कोणी धड सांगितलं नाही, हा माझा जुना राग आहे.

आहारतज्ज्ञ म्हणून गावोगाव फिरायचे तेव्हा एक आजी पदराच्या गाठीत हेच दाणे बांधून भांडायला आल्या होत्या. मी ते वाटीत उकळले आणि त्यांच्याच बोटांनी चिरडायला लावले. पीठ झालं. आजी वास घेऊन म्हणाल्या, “भातच व्हय हा.”

पण नुसत्या भातावर विसंबू नका. अशा एक किलो तांदळात लोह कमीत कमी २८ मिलिग्रॅम. सून दिवसाला पाव किलो तांदळाचा भात खात असेल तर त्यातून मिळालं ७. सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या लाल गोळीत ६० असतं. हिमोग्लोबिन ९ म्हणजे गोळ्या हव्यातच. एक की दोन, ते डॉक्टर ठरवतील. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा तासभर लांब ठेवावा. गोळीने शौच काळी होते, त्याला घाबरून बंद करू नये. भाताची पेज ओतून देत असाल तर तीही तिलाच प्यायला द्या.

आणखी एक. आपल्या भागात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, बराच आहे. पूर्वी या तांदळाच्या पोत्यावर सिकलसेल आणि थॅलेसेमिया (हाही तसाच रक्ताचा आजार) यांच्या रुग्णांसाठी लोहाबाबत सूचना असायची. तज्ज्ञांच्या समितीनंतर २०२४ मध्ये ती छापायची सक्ती काढली. तरी सुनेची सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर या आठवड्यातच करून घ्या, तुमच्या मुलालाही, म्हणजे तिच्या नवऱ्यालाही, तपासणीला सोबत न्या. पहिल्या चाचणीला बोटाचं थेंबभर रक्त पुरतं.