हत्ती मागे का ओढलास?

अरे बाबा,

परवा बुद्धिबळाच्या स्पर्धेतला राउंड संपल्यावर कोणाशी न बोलता सरळ स्वारगेटची बस पकडलीस म्हणून लिहितोय, फोन केला असता तर तू नुसतं "हो सर, हो सर" केलं असतंस.

स्कोअरशीटचा फोटो आईने पाठवला. एकविसाव्या चालीला घोडा डी४ वर रोवलास ना, ते झकास होतं, मलाही पटकन सुचलं नसतं. आणि पुढच्याच चालीला ड्रॉ मागितलास! पोझिशन तुझी चांगली, पण समोरच्याचं रेटिंग १७२० आणि तुझं १५२०, एवढंच ना कारण? तो नाही म्हणाला तर तू एवढं मनाला लावून घेतलंस की पुढच्या दहा चाली कोणी दुसराच खेळल्यासारख्या वाटतात, मोहऱ्यांची सगळी मारामारी करून टाकलीस आणि वर एक प्यादं घालवलंस.

बरं ते जाऊ दे. शेवटी दोघांकडे हत्ती उरले, हत्तींचा एंडगेम आला, तेव्हासुद्धा गेम ड्रॉ होता रे. तुझा राजा ई८ वर, म्हणजे त्याच्या प्याद्याच्या बरोबर समोर, त्याचं प्यादं ई५ वर. हत्ती ए६ वर ठेवायचा आणि गप्प बसायचं, त्याचा राजा सहाव्या ओळीत शिरूच शकत नाही. त्याने कंटाळून प्यादं ई६ ला ढकललं की तुझा हत्ती थेट ए१ वर, आणि मागून शह देत राहायचं, कारण आता त्याच्या राजाला प्याद्याआड लपायला जागाच नाही. फिलिडोर नावाच्या फ्रेंच खेळाडूने अठराव्या शतकात सांगून ठेवलंय हे. तू हत्ती आठव्या ओळीत राजाशेजारी नेऊन बसवलास, घाबरलेलं मूल आईजवळ जातं तसा, आणि मधल्या प्याद्यासमोर असा बसलेला हत्ती हरतोच. घड्याळात १९ मिनिटं शिल्लक होती!

रेटिंगचंच डोक्यात असेल तर गणित ऐक. तुझा के (एका गेममध्ये रेटिंग किती हलू शकतं तो आकडा) ४०, फरक २०० चा, हरलास तर साधारण साडेनऊ पॉइंट जातात, ड्रॉ केलास तर दहा मिळतात, जिंकलास तर तीस. मग भीती कोणाला वाटायला पाहिजे, तुला का त्याला?

आणि हो, हरल्यावर समोरच्याबरोबर पोस्टमॉर्टम, म्हणजे गेम पुन्हा मांडून चर्चा, न करता पळायचं नाही, तो पोरगा तुला शोधत होता, मला म्हणाला घोडा डी४ नंतर त्याला घाम फुटला होता.

रविवारी नऊला ये. बोर्ड मी लावून ठेवतो, तू काळे, मी प्यादं ढकलणार. नाश्ता न करता आलास तरी चालेल, काकू पोहे करणार आहे.

– सर