अमेरिकेत सेक्शन ८ च्या घरासाठी अर्ज कुठे करायचा?

सेक्शन ८ म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना घरभाड्यात मदत करणारी अमेरिकी सरकारची योजना. तुम्ही बहिणीसाठी विचारलंत: तिच्याकडे ग्रीन कार्ड आहे, दोन मुलं आहेत आणि पगारात भाडं भागत नाही. मग तिने अर्ज जरूर करावा. वॉशिंग्टनला नव्हे, स्थानिक हाउसिंग ऑथॉरिटीकडे, म्हणजे त्या भागात ही योजना चालवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे. प्रत्येक ऑथॉरिटीची प्रतीक्षायादी वेगळी असते. एकीवरच विसंबू नका, आसपासच्या शहरांतही नाव घाला, चालतं. मात्र अनेक ठिकाणी स्थानिक रहिवाशांना प्राधान्य मिळतं. यादी कधीकधी काही दिवसांपुरतीच उघडते आणि नंबर बऱ्याचदा लॉटरीने लागतो. अर्ज फुकट असतो. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर तिथूनच परत फिरा.

नंबर यायला वर्षं लागतात, आणि खरा घात तिथेच होतो. माझ्या शेजारच्या मावशींनी घर बदललं, पण पत्ता कळवायचा राहिला. त्यांना आलेलं पत्र जुन्या दारात पडून राहिलं, मुदत टळली आणि नाव यादीतून गेलं. फार वाईट वाटलं. म्हणून पत्ता, फोन, पगार, काहीही बदललं की लगेच लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.

व्हाउचर, म्हणजे या मदतीचं मंजुरीपत्र, मिळालं की साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं तिचं, उरलेलं ठरलेल्या मर्यादेपर्यंत ऑथॉरिटी थेट घरमालकाला देते.