जॅरा, जर्राह की निलगिरी?

प्रश्न असा आला आहे : पर्थमधल्या एका जुन्या घराच्या वर्णनाचं भाषांतर करायचं आहे. तिथली जमीन ज्या लाकडाची आहे त्याच्या इंग्रजी नावात दोन आर आहेत, शेवटी एच आहे. मराठीत 'जर्राह' लिहावं, 'महोगनी' म्हणावं की सरळ 'निलगिरीचं लाकूड'?

तिन्ही नकोत. 'जॅरा' लिहा.

'जर्राह' पहिल्यांदा बाद. हिंदी-उर्दूत जर्राह म्हणजे जखमा चिरणारा, शिवणारा शल्यवैद्य, आणि तो शब्द अरबी. आपलं झाड नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियाचं आणि नाव तिथल्या नूंगार लोकांच्या भाषेतलं. जुन्या नोंदींत शेवटी 'ल' ऐकू येणारी रूपंही सापडतात. शेवटचा एच इंग्रजी लेखनाने चिकटवलेला आहे, त्याचा उच्चार होत नाही. लिपीमागे जाऊ नका, उच्चारामागे जा.

'महोगनी'ला थोडा आधार आहे. गोऱ्या वसाहतकऱ्यांनी लालसर रंग पाहून या लाकडाला 'स्वान रिव्हर महोगनी' म्हटलं होतं. पण खरी महोगनी कडुनिंबाच्या कुळातली आणि जॅरा जांभळाच्या. रंगावरून सोयरीक जुळवण्यात अर्थ नाही.

'निलगिरी' शास्त्राला धरून आहे, कारण जॅरा हा युकॅलिप्टस म्हणजे निलगिरीच्याच प्रजातीतला, तरी मला पटत नाही. युकॅलिप्टसच्या सातशेहून अधिक जाती आहेत. आपण डोंगराचं नाव झाडाला दिलं, तेही मुख्यतः तिथे लावलेल्या एका वेगळ्याच जातीमुळे. मराठी वाचकाला निलगिरी म्हटलं की सर्दीवरचं तेल आठवतं, नाहीतर बांधकामावरचे वासे. जॅऱ्याची ख्याती याच्या उलट. लाकूड जड, वाळवीला दाद न देणारं, पाण्यात आणि मातीत टिकणारं. म्हणून १८९०च्या दशकात लंडनचे रस्ते याच्या ठोकळ्यांनी फरसबंद झाले, आणि भारतातल्या रेल्वेमार्गांसाठीही याचे स्लीपर आले. वाचकाला अडेल असं वाटलं तर पहिल्या उल्लेखात 'जॅरा या युकॅलिप्टसचं लाकूड' म्हणा, पुढे नुसतं जॅरा.

त्याच भागातलं 'कॅरी' हे दुसरं लाकूड दिसायला इतकं सारखं की दोन्हींत गल्लत होते. कॅरीला मात्र वाळवी लागते, त्यामुळे गल्लत महागात पडते. लाकूडवाल्यांची जुनी परीक्षा अशी : सळीएवढी ढलपी जाळायची. पांढरी राख झाली तर कॅरी, काळा कोळसा उरला तर जॅरा. मजकुरात दोन्ही नावं आली तर दोन्ही तशीच ठेवा, 'लाल लाकूड' म्हणून एकत्र करू नका.

आता व्याकरण. आकारान्त म्हणून पुल्लिंगी : तो जॅरा. सामान्यरूप 'कॅमेरा-कॅमेऱ्याचा'प्रमाणे : जॅऱ्याची फळी, जॅऱ्यावरचं पॉलिश. 'जॅराची' लिहिणारेही भेटतील. मला ते कानाला खटकतं, पण चूक म्हणणार नाही.

एक मात्र मूळ मजकुरात नीट तपासा. ऑस्ट्रेलियात लाकडाला लावायच्या तेलांच्या आणि रंगांच्या डब्यांवरही हे नाव असतं. तिथे ते फक्त छटेचं नाव आहे, खालचं लाकूड साधं पाइन असू शकतं. अशा ठिकाणी 'जॅऱ्याचं' नको, 'जॅरा रंगाचं' लिहा.