डेटा अ‍ॅनालिसिस: 'स्वयम'वरचा कोर्स की स्वतःचं स्वतः?

तुम्ही इंदूरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहात. सर म्हणतात 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर कोर्स करा, मित्र म्हणतात यूट्यूबवर सगळं फुकट पडलंय. मी इथेच विजयनगरला डेटाचं काम करतो आणि नव्या मुलांच्या मुलाखतींना बसतो, त्यावरून सांगतो: पहिला कोर्स 'स्वयम'वरचाच घ्या. भंवरकुआँला पैसे भरून क्लास लावायची आत्ता तरी गरज नाही.

पैशांचा फरक फारसा नाहीच. 'स्वयम'वर नोंदणी फुकट, फी लागते ती परीक्षेला बसायचं असेल तरच. तिथल्या एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाच्या) कोर्सची व्याख्यानं यूट्यूबवरही सापडतात. खरा फरक दर आठवड्याच्या असाइनमेंटचा आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचा. एनपीटीईएलमध्ये असाइनमेंटला २५ गुण आणि परीक्षेला ७५. १२ आठवड्यांच्या कोर्सात सगळ्यात चांगल्या ८ असाइनमेंट धरतात. तारीख गेली की गेली. एकट्याने शिकणारी बरीच मुलं मधेच थांबतात, ती काही हुशारी कमी म्हणून नाही, कुणी विचारणारं नसतं म्हणून. शिवाय संभाव्यतेसारखा रुक्ष भाग ती गाळतात आणि थेट रंगीत आलेखांवर जातात. मुलाखतीत नेमकं तिथेच अडतं. टेलिग्रामवर असाइनमेंटची तयार उत्तरं फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. केंद्रावर ती सोबत येत नाहीत.

पण नुसत्या कोर्सने काम भागत नाही. तिथला डेटा न्हाऊन-धुऊन, भांग पाडून आलेला असतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून आपला स्वतःचा एक प्रश्न हातात घ्या. अ‍ॅगमार्कनेट या सरकारी साइटवर बाजार समित्यांचे भाव मिळतात. आपल्या इंदूर मंडीतल्या सोयाबीनचे दोन-तीन वर्षांचे भाव उतरवून घ्या: किमान, कमाल आणि मोडल (ज्या भावाला सगळ्यात जास्त माल विकला गेला तो), रुपये प्रति क्विंटल. फाइल उघडलीत की मधल्या तारखाच गायब दिसतील. रविवार, दिवाळी, मंडी बंद. तिथे शून्य भरलंत तर सरासरी कोसळते. आदल्या दिवसाचा भाव भरलात तर त्या दिवशी न झालेला व्यवहार तुम्ही कागदावर आणता. मग आवक बघा. हंगामात मंडी भरून वाहते, एरवी एखाद्या दिवशी थोडाच माल येतो. दोन्ही दिवसांना सारखंच वजन द्यायचं का? वाणिज्य शाखेच्या मुलाला भारित सरासरी शिकवलेली असते. ती कशासाठी असते ते इथे कळतं.

यूट्यूब लागतं ते या टप्प्यावर. 'पायथन शिका' असं शोधू नका, 'पांडाजमध्ये गहाळ तारखा कशा हाताळायच्या' असं शोधा (पांडाज म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं डेटा हाताळायचं साधन). नेमका प्रश्न असला की दहा मिनिटांचा व्हिडिओ पुरतो, आणि तो शिकवणारा कुठल्या संस्थेचा आहे याने काही फरक पडत नाही. मी सर्टिफिकेट बघतो, पण बोलायला लागतो ते अशा फाइलवर. तारखा मोकळ्या का ठेवल्या, हे मुलाला नीट सांगता आलं तर मला फार आनंद होतो.

एक व्यवहाराची गोष्ट. यूजीसीच्या २०२१च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम'वरून करता येतात, पण तुम्ही निवडलेला कोर्स कॉलेज क्रेडिटला धरणार का, हे नोंदणीआधी विभागातून लेखी घ्या. सत्रं जानेवारी आणि जुलैला सुरू होतात.