पहिल्या स्पर्धेआधी

वेटलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेला पहिल्यांदाच चालला आहेस, तर आधी स्नॅचच्या (बार एका झटक्यात डोक्यावर नेण्याच्या प्रकाराच्या) पहिल्या वजनाचं बघ. सरावात थकलेला असतानाही उठतं तेच सांग, हौसेचा आकडा नको. बारवरचं वजन एकदा चढलं की खाली येत नाही. स्नॅचचे तिन्ही प्रयत्न फुकट गेले की नंतरचा जर्क (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) कितीही झकास होवो, टोटल, म्हणजे दोन्हींची बेरीज, मिळत नाही. माझं एकदा तसं झालंय. जर्कला उगाच उभा होतो.

तुझं स्वतःचं वजन स्पर्धेच्या 2 तास आधी होतं, ते कोच बघेल. वॉर्मअप मात्र घड्याळावर नको, तुझ्याआधी किती प्रयत्न उरलेत ते मोजून कर. समोरच्यांनी आकडे वाढवले की तुझा नंबर एकदम येतो, आणि पुकारा झाल्यावर मिनिटभरच मिळतं. चॉक चोळत बसू नकोस. आणि हो, पंचांचा ‘डाऊन’चा (बार खाली ठेवण्याचा) इशारा मिळेपर्यंत बार सोडायचा नाही!